कुरुंदाच्या डोंगरातले गाव

गल्लीत धार लावणारा आला, की त्याच्या फिरत्या चाकाभोवती मुलांचा घोळका जमतो. सुरी चाकाला टेकते, ठिणग्यांचा फवारा उडतो आणि बोथट झालेले पाते पुन्हा उपयोगाचे होते. पाहणाऱ्यांचे लक्ष ठिणग्यांकडे असते. चाक कशाचे आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः पोलादाला झिजविणारा पदार्थ पोलादाहून कठीण असलाच पाहिजे. आपल्या देशात हे काम शतकानुशतके कुरुंदाच्या दगडाने केले. जवाहिरे कुरुंदाची पूड लाखेत मिसळून तिची चाके करीत आणि त्यांवर रत्ने घासीत. संस्कृतातील ‘कुरुविंद’, तमिळमधील ‘कुरुंदम्’ आणि मराठीतील ‘कुरुंद’ ही एकाच कुळातील नावे होत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ह्या दगडाचे नमुने हिंदुस्थानातून युरोपात गेले, चार्ल्स ग्रेव्हिल ह्या इंग्रज संग्राहकाने १७९८ मध्ये त्यांवर निबंध लिहिला, आणि आपल्याकडचे हे नाव ‘कोरंडम’ ह्या रूपाने जगाच्या खनिजशास्त्रात कायमचे जाऊन बसले.

नाव जरी आपल्याकडून गेले, तरी युरोपला ह्या जातीचा दगड नवा नव्हता. त्याचा एक काळा, लोहमिश्रित प्रकार ग्रीस देशातील नाक्सोस बेटावर प्राचीन काळापासून सापडत आला आहे. ग्रीक भाषेत त्याला ‘स्मिरिदा’ म्हणतात, आणि इंग्रजीतील ‘एमरी’ हा शब्द त्यातूनच निघाला. सुताराच्या आणि लोहाराच्या हाती असणारा एमरी कागद आपल्या परिचयाचा आहे. त्या कागदाच्या नावामागे एका डोंगराची, त्या डोंगरातील काही गावांची आणि त्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या एका हक्काची कथा आहे.

नाक्सोस हे एजियन समुद्रातील सिक्लडीझ द्वीपसमूहातले सर्वांत मोठे बेट. थीसियसने अरिआड्नीला निजलेली टाकून दिली ती ह्याच बेटाच्या किनाऱ्यावर, असे ग्रीक पुराणकथा सांगते. आजही बोट बंदराला लागताना प्रथम दिसतो तो संगमरवराचा एक प्रचंड दरवाजा. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात आरंभिलेल्या आणि कधीच पुऱ्या न झालेल्या एका देवालयाची ती चौकट. बहुतेक प्रवासी हा दरवाजा आणि त्यापलीकडील वाळूचे किनारे पाहून तृप्त होतात. परंतु जो आतील रस्त्याने डोंगराकडे वळतो त्याला निराळेच नाक्सोस भेटते. ऑलिव्हच्या झाडांनी भरलेले खोरे मागे पडते, हाल्की नावाचे जुने गाव जाते, मग झास पर्वताच्या उतारावर पसरलेले फिलोती लागते. झास म्हणजेच झ्यूस. देवराजाच्या नावाचा हा पर्वत उंचीने हजार मीटरांहून किंचित अधिक, आणि तरीही साऱ्या द्वीपसमूहात सर्वोच्च. रस्ता आणखी वर चढतो, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, एका डोंगराच्या अंगावर चिकटून बसलेले आपिरान्थोस दृष्टीस पडते.

ग्रीक बेट म्हटले की चुन्याने पांढरीशुभ्र केलेली घरे डोळ्यांसमोर येतात. आपिरान्थोसमध्ये मात्र दगड उघडा आहे. करड्या दगडी भिंती, एका घरातून दुसऱ्या घराला आधार देणाऱ्या कमानी, आणि पायांखाली संगमरवरी फरशीच्या अरुंद वाटा. वाटा इतक्या चिंचोळ्या आणि पायऱ्यांच्या, की तेथे वाहन शिरणे अशक्य. मधूनच बुरुजासारखे एखादे उंच घर दिसते. १२०७ च्या सुमारास मार्को सानुदो ह्या व्हेनिसच्या सरदाराने बेट जिंकले आणि तेथे लॅटिन सरदारांची राजवट साडेतीन शतके टिकली. ही घरे त्या काळाची स्मृती होत. गावकऱ्यांची बोली बेटावरील इतर गावांहून वेगळी आहे. तिच्यात क्रीट बेटाच्या बोलीचे साम्य आढळते, म्हणून ह्या लोकांचे पूर्वज तिकडून आले असावेत असे मानले जाते. येथे ‘कोत्साकिया’ नावाची दोन चरणांची यमकबद्ध पदे प्रसंगी रचून म्हणण्याची प्रथा आहे. लग्न असो, मृत्यू असो, शेजाऱ्याची थट्टा असो, आपिरान्थोसचा माणूस ती दोन चरणांत सांगतो. जात्यावरच्या ओवीची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या प्रथेचे नवल वाटणार नाही.

गाव डोंगरावर असले तरी गावाचे जीवन कित्येक पिढ्या डोंगराच्या पोटावर अवलंबून होते. आपिरान्थोस, कोरोनोस, कोमियाकी, स्कादो आणि आसपासची काही लहान गावे मिळून ‘स्मिरिदाची गावे’ म्हणून ओळखली जातात. हा दगड तेथे कसा निर्माण झाला, हेही जाणून घेण्यासारखे आहे. अतिप्राचीन काळी समुद्रतळाशी साचलेल्या चुनखडीच्या खळग्यांत बॉक्साइटची माती भरली. पुढे भूगर्भातील दाब आणि उष्णता ह्यांनी त्या चुनखडीचा संगमरवर झाला, आणि त्यातल्या बॉक्साइटचा झाला कुरुंदाचा काळा दगड. म्हणजे एकाच डोंगरात एका शेजारी एक असे दोन दगड तयार झाले. एक कोरून घेण्याजोगा शुभ्र, आणि दुसरा त्याला झिजविणारा काळा. खनिजांच्या कठीणपणाच्या मापात हिऱ्याला १० अंक दिला, तर कुरुंदाला ९ मिळतो.

ह्या योगायोगाचा लाभ मनुष्याने फार लवकर घेतला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकात ह्या बेटांवर संगमरवराच्या ज्या लहान, हात पोटाशी दुमडलेल्या मानवी मूर्ती घडल्या, त्या आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांची भूषणे आहेत. धातूची हत्यारे नुकती कोठे हाती येत होती अशा काळात मूर्तीच्या अंगावरची ती गुळगुळीत झिलई प्रामुख्याने कुरुंदानेच आणली. पुढे पिंडार ह्या ग्रीक कवीने नाक्सोसच्या धारेच्या दगडाचा उल्लेख केला, आणि रोमन ग्रंथकार प्लिनीनेही संगमरवर व रत्ने घासण्याच्या ह्या दगडाची नोंद करून ठेवली. मूर्तिकारांची नावे बहुधा विसरली गेली. ज्यांनी डोंगरातून दगड काढला, त्यांची तर कधी लिहिलीच गेली नाहीत.

दगड काढण्याचे काम विलक्षण कष्टाचे होते. जो दगड इतर सर्व हत्यारांना झिजवितो, त्यात छिद्र पाडायचे कशाने, हा पहिला प्रश्न. त्यावर जुना उपाय अग्नीचा. खडकाला लागून लाकडे रचीत, रात्रंदिवस जाळ करीत, आणि तापलेल्या खडकावर पाणी ओतीत. खडक तडकला म्हणजे पहारी आणि हातोडे चालवून तुकडे सुटे करीत. सुरुंगाची दारू आल्यावर काम जलद झाले, पण धोका वाढला. कोणती कंपनी नव्हती, मुकादम नव्हता, रोजंदारी नव्हती. बाप, मुलगे, भाऊ, शेजारी अशी चार-सहा जणांची टोळी आपली खाण आपण खणीत असे. दिव्याच्या अंधुक उजेडात, वाकून चालावे लागणाऱ्या बोगद्यांत, छताला दगडांचाच आधार देत हे लोक काळ्या पट्ट्याचा माग काढीत जात. काढलेला दगड खेचरांच्या आणि गाढवांच्या पाठीवर लादून अवघड वाटांनी समुद्राकडे न्यायचा, तेथे सरकारी माणसाने वजन करायचे आणि वजनाप्रमाणे पैसे मोजायचे, अशी ही पद्धत.

येथेच त्या हक्काचा प्रश्न येतो. ग्रीक राज्य स्वतंत्र झाल्यावर डोंगरातील स्मिरिदा ही राज्याची मालमत्ता ठरली. तिची विक्री हा राज्याचा एकाधिकार झाला. परंतु ती खणून काढण्याचा अधिकार मात्र फक्त ह्या डोंगरी गावांतील रहिवाशांचा, हे एकोणिसाव्या शतकात कायद्याने मान्य झाले. बाहेरच्या कोणालाही, मग तो कितीही धनाढ्य असो, त्या खाणीत पहार लावता येत नसे. हा अधिकार बापाकडून मुलाकडे जाई. सकृद्दर्शनी ही व्यवस्था न्याय्य आणि गावांना हितकर दिसते, आणि काही अंशी ती तशी होतीही. गाव भांडवलदाराच्या ताब्यात गेले नाही. खाणकामगार कोणाचा नोकर झाला नाही. तथापि ह्या व्यवस्थेत एक मोठे छिद्र होते. श्रमाचा हक्क गावाचा असला, तरी त्या श्रमाची किंमत ठरविण्याचा हक्क गावाचा नव्हता. राज्य हा एकमेव गिऱ्हाईक. तो जितका दगड घेईल तितकाच खपायचा, आणि जो भाव देईल तोच मुकाट्याने घ्यायचा.

शिवाय त्या एकमेव गिऱ्हाइकाचा भावही जगाच्या बाजारावर टांगलेला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरशांच्या आणि खिडक्यांच्या जाड काचा घासण्यासाठी, भिंगांसाठी, यंत्रांच्या सुट्या भागांसाठी युरोपातील कारखान्यांना हा दगड हवा होता, आणि तो प्रामुख्याने नाक्सोसहूनच मिळे. १८४६ च्या सुमारास जे. लॉरेन्स स्मिथ नावाचा एक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ तुर्की सरकारच्या सेवेत होता. कापसाच्या लागवडीसंबंधी सल्ला देण्यासाठी त्याला बोलाविले होते. परंतु त्याचे लक्ष खडकांकडे गेले, आणि आशिया मायनरच्या पश्चिम भागात त्याने एमरीचे मोठे साठे शोधून काढले. तुर्की दगड बाजारात आला आणि नाक्सोसची मक्तेदारी संपली. आपिरान्थोसच्या खाणकऱ्याने स्मिथचे नाव ऐकले असेल असे नाही, पण त्याच्या पाहणीचा परिणाम त्याच्या भाकरीपर्यंत पोहोचला.

पुढील आघात राज्याच्या खजिन्यातून आला. कर्जाच्या ओझ्याने १८९३ मध्ये ग्रीसचे दिवाळे निघाले. १८९७ मध्ये तुर्कस्तानाशी युद्ध झाले, त्यात ग्रीसचा पराभव झाला, आणि जुन्या कर्जांवर युद्धदंडाची भर पडली. तेव्हा १८९८ मध्ये सहा युरोपीय सत्तांचे एक आंतरराष्ट्रीय अर्थमंडळ अथेन्समध्ये स्थापन झाले, आणि सावकारांची फेड व्हावी म्हणून राज्याची काही उत्पन्ने त्याच्याकडे तारण दिली गेली. त्या तारणाची यादी वाचण्यासारखी आहे. मीठ, रॉकेल, आगकाड्या, पत्ते, सिगारेटचा कागद, आणि नाक्सोसची स्मिरिदा. साऱ्या देशभर खपणाऱ्या वस्तूंच्या पंक्तीत एका बेटावरील चार डोंगरी गावांचा दगड जाऊन बसला. खाणीत जाळ करणाऱ्या माणसाच्या घामाचा एक भाग त्या दिवसापासून लंडन, पॅरिस आणि बर्लिन येथील रोखेधारकांच्या व्याजात जमा होऊ लागला. आधुनिक राज्यांच्या अर्थव्यवहारात अशी उदाहरणे अपूर्व नाहीत. परंतु गहाण टाकलेली वस्तू आणि ती वस्तू काढणारे हात ह्यांचा संबंध इतका उघड क्वचितच दिसतो.

ह्याच सुमारास समुद्रापार अमेरिकेत ह्या दगडाचा खरा प्रतिस्पर्धी जन्माला आला होता. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसन हा संशोधक विजेच्या भट्टीत माती आणि कोळसा ह्यांचे मिश्रण तापवीत असता त्याला काही अत्यंत कठीण, चमकदार स्फटिक मिळाले. ते कार्बन आणि कोरंडम ह्यांच्या संयोगातून झाले असावेत अशा समजुतीने त्याने त्यांना ‘कार्बोरंडम’ असे नाव दिले. समजूत चुकीची होती. तो पदार्थ सिलिकॉन कार्बाइड होता. नाव मात्र टिकले. लवकरच नायगाऱ्याच्या धबधब्याच्या विजेवर त्याचे उत्पादन सुरू झाले, आणि पाठोपाठ बॉक्साइटपासून कृत्रिम कुरुंदही तयार होऊ लागला. जे काम डोंगराने भूगर्भात अगणित वर्षांत केले, ते विजेची भट्टी मागणीबरहुकूम करू लागली. त्यातही कारखान्यातला माल दर वेळी एकसारखा, नाक्सोसचा दगड मात्र खाणीखाणीगणिक निराळा. ज्या हिंदी नावाने युरोपने कुरुंदाला ओळखले, तेच नाव अर्धे अंगावर घेऊन आलेल्या पदार्थाने ग्रीक खाणींचा बाजार बळकावला, हा इतिहासातील एक लहानसा विपर्यास म्हणावा लागेल.

आपिरान्थोसने देशाच्या इतिहासाला दोन माणसे दिली, आणि दोघांच्याही जीवनात १९२२ हे साल आहे. पहिला पेत्रोस प्रोतोपापादाकिस. डोंगरातील हा मुलगा पॅरिसला जाऊन गणित व स्थापत्य शिकला, कॉरिंथच्या कालव्याच्या कामात सहभागी झाला, पुढे राजकारणात शिरला. १९२२ मध्ये आशिया मायनरमधील युद्धाने खजिना रिकामा झाला असता अर्थमंत्री ह्या नात्याने त्याने एक विलक्षण उपाय योजला. प्रत्येकाने आपल्या जवळची नोट मधोमध कापावी. एक अर्धा भाग निम्म्या किमतीचे चलन म्हणून चालेल, दुसऱ्या अर्ध्याबद्दल सरकारी कर्जरोखा मिळेल. अशा रीतीने सरकारने एका कात्रीच्या साह्याने साऱ्या प्रजेकडून सक्तीचे कर्ज उभारले. त्याच वर्षी तो काही महिने पंतप्रधान झाला. युद्धात पराभव झाला, क्रांती झाली, आणि नोव्हेंबर १९२२ मध्ये इतर पाच जणांसह राष्ट्रद्रोहाच्या आरोपाखाली त्याला गोळ्या घालण्यात आल्या. २०१० मध्ये ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्याच्या नातवाच्या अर्जावरून, ती शिक्षा रद्द ठरविली. न्याय झाला तो ८८ वर्षांनी.

दुसरा मानोलिस ग्लेझोस. त्याचा जन्म १९२२ च्या सप्टेंबरात ह्याच गावी झाला. १९४१ च्या वसंतात जर्मनांनी अथेन्स घेतले आणि ॲक्रोपोलिसवर स्वस्तिकाचे निशाण फडकू लागले. ३० मेच्या रात्री ग्लेझोस आणि त्याचा मित्र आपोस्तोलोस सान्तास हे दोन तरुण गुपचूप टेकडी चढून गेले आणि त्यांनी ते निशाण खाली ओढले. ती बातमी कानोकानी युरोपभर पसरली. पुढे ग्लेझोसला तुरुंगवास, फाशीच्या शिक्षा आणि हद्दपारी ह्यांतून जावे लागले. त्याचा धाकटा भाऊ १९४४ मध्ये शत्रूच्या गोळ्यांना बळी पडला.

निशाण उतरले त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ग्लेझोसच्या गावावर जे ओढवले, ते मात्र जगाला फारसे कळले नाही. बेट इटालियन सैन्याच्या ताब्यात होते. समुद्रमार्ग बंद पडले, निर्यात थांबली. सखल भागातील शेतकऱ्याकडे थोडे धान्य, थोडे बटाटे तरी होते. खाणीच्या गावांना बहुतेक सारे धान्य विकत घ्यावे लागे, आणि विकत घेण्यासाठी त्यांच्याजवळ होता तो केवळ दगड. तो दगड आता कोणालाच नको होता. घरातले भांडे, हातमागावर विणलेले कापड, जे काही देता येईल ते देऊन लोकांनी मूठभर धान्य मिळविले, आणि जेव्हा देण्याजोगे काही उरले नाही तेव्हा ते उपासमारीने मेले. १९४१-४२ चा तो हिवाळा त्या गावांच्या स्मरणात अजून आहे. एकाच वस्तूवर आणि एकाच गिऱ्हाइकावर जगणाऱ्या समाजाचे काय होते, ह्याचा हा धडा फार महागात मिळाला.

ह्यापूर्वी, १९२० च्या दशकात, सरकारने खाणींपासून पूर्व किनाऱ्यावरील मुत्सुना बंदरापर्यंत सुमारे ९ किलोमीटर लांबीचा तारेचा हवाई मार्ग उभारला होता. लोखंडी खांबांवरून तारेला लटकणारे डबे दरीडोंगर ओलांडून दगड थेट धक्क्यावर नेत. खेचरांच्या वाटा ओस पडल्या. वाहतूक सोपी झाली. ज्याची वाहतूक करायची त्याची मागणी मात्र उतरणीलाच लागलेली होती. हवाई मार्ग तरीही सुमारे अर्धशतक चालला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस थांबला. त्याचे गंजलेले खांब आणि तारेवर तसेच अडकून राहिलेले डबे आजही डोंगरातून दिसतात. मुत्सुनाचा धक्का आता समुद्रस्नानासाठी येणाऱ्या लोकांचा झाला आहे.

युद्धानंतर अनेक कुटुंबे अथेन्सला गेली. दगड फोडण्याची सवय असलेल्या हातांना इमारतींच्या कामावर मजुरी मिळाली. जे मागे राहिले त्यांनी हक्क सोडला नाही. खाणकरी दर वर्षी ठरलेला दगड काढून सरकारजमा करी, कारण त्या मोजणीवर त्याचा विमा आणि म्हातारपणीचे निवृत्तिवेतन अवलंबून असे. ज्या काळात दगडाला बाजार उरला नाही, त्या काळातही हक्काला अशी किंमत राहिली. बाहेरच्याला हे कदाचित हास्यास्पद वाटेल. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी छातीत धूळ घेऊन तो हक्क टिकविला, त्यांच्या दृष्टीने तो सरकारशी झालेला करार होता, आणि सरकारने आपली बाजू पाळावी एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१९८६ मध्ये म्हातारा होत आलेला ग्लेझोस गावी परतला आणि ग्रामसमितीचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. त्याने समितीचे विशेष अधिकार काढून घेऊन कारभार साऱ्या गावकऱ्यांच्या सभेकडे सोपविला. प्राचीन अथेन्सची लोकसभा दगडी गल्ल्यांच्या ह्या गावात पुन्हा भरविण्याचा तो प्रयत्न होता. काही वर्षे तो उत्साहाने चालला; पुढे सभेची उपस्थिती रोडावली, आणि १९८९ मध्ये ग्लेझोसने पद सोडले. २०२० च्या मार्चमध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, तो वारला. प्रयोग टिकला नाही, ही गोष्ट खरी. परंतु तो ह्याच गावी का सुचला, हे ज्याने खाणींचा इतिहास पाहिला आहे त्याला समजू शकेल. आपल्या डोंगरासंबंधीचे निर्णय अथेन्समध्ये, लंडनमध्ये आणि नायगाऱ्याच्या काठी होताना ज्या गावाने पाहिले, त्या गावातील माणसाला निर्णय गावात व्हावेत असे वाटावे हे स्वाभाविकच होते.

आज आपिरान्थोसमध्ये शिरणारा प्रवासी संगमरवरी वाटांवरून हिंडतो, बायकांनी मागावर विणलेली वस्त्रे पाहतो, आणि मिखाइल बार्दानिस ह्या गणितज्ञाने स्थापन केलेल्या लहानशा पुराणवस्तुसंग्रहालयात डोकावतो. तेथे प्राचीन माणसाने दगडावर कोरलेली शिकारीची आणि होड्यांची ओबडधोबड चित्रे आहेत. जवळच भूविज्ञानाचे संग्रहालय आहे. तेथे काळ्या कुरुंदाचे तुकडे मांडून ठेवलेले आढळतात. हातात घेतला तर तुकडा अपेक्षेहून पुष्कळ जड लागतो. बाहेर कॉफीच्या दुकानापुढे बसलेल्या एखाद्या वृद्धाला त्यासंबंधी विचारले, तर तो आधी आपल्या खाणीचे नाव सांगतो आणि मग तिच्यात उतरलेल्या आपल्या वाडवडिलांची.